एकच मुलगी, तीन मालिका, तीन स्वभाव: असं का होतं आणि कसं टाळायचं

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावातली चार-पाच तरुण मंडळी मिळून मराठीत चित्रकथा करतात. त्यांची नायिका मलप्रभा, घरची मली. कणकुंबीकडच्या गावातली, नववीत शिकणारी, लांबचे आवाज ऐकू येणारी. तिच्या तीन मालिका एकदम चालू आहेत, एक शाळेतली, एक जंगलातली आणि एक शहरातली. प्रत्येकीचा लेखक वेगळा. चौथ्या अंकापर्यंत वाचक विचारू लागले, की ही एकच मुलगी आहे की तिघी? शाळेत ती बुजरी, जंगलात तोंडाळ आणि शहरात एकाला सरळ थप्पड मारून मोकळी. मंडळींचं म्हणणं, अमेरिकन चित्रकथांतल्या सुपरगर्ल आणि बॅटगर्लचंही असंच होतं, मग आपण एवढं मनावर का घ्यायचं?

मनावर घ्यायला हवं. अमेरिकन कंपन्यांकडे साठ-सत्तर वर्षांचे अंक आहेत. एखाद्या लेखकाने नायिका बिघडवली तरी वाचक जुने अंक काढून आपल्या आवडीची सुपरगर्ल वाचत बसतो. तुमच्याकडे चार अंक आहेत. त्यात मली तीन प्रकारची दिसली, तर वाचकाला धरून ठेवायला काहीच उरत नाही.

आधी तिकडे काय झालं ते नीट पाहू, कारण तुमची चूक तीच आहे.

पहिलं तपासायचं ते हे, की आपण एकाच व्यक्तीबद्दल बोलतोय का. सुपरगर्ल म्हणून कारा, म्हणजे सुपरमॅनची चुलतबहीण, १९५९ साली आली. १९८५ मध्ये ती मारली गेली. १९८८ मध्ये मेट्रिक्स नावाचा रूप बदलणारा कृत्रिम जीव सुपरगर्ल झाला, १९९६ पासून पीटर डेव्हिड यांच्या मालिकेत लिंडा डॅनव्हर्सची गोष्ट सुरू झाली, आणि २००४ मध्ये कारा नव्याने परत आली. बॅटगर्ल हे नावही बार्बरा, कॅसांड्रा आणि स्टेफनी या तिघींनी वेगवेगळ्या काळात वापरलं. सुटे अंक हाती लागतील तसे वाचणाऱ्याला यातली निम्मी विसंगती केवळ नावामुळे वाटते. म्हणून अंक घेताना मुखपृष्ठावरच्या नायिकेच्या आधी लेखकाचं नाव आणि साल पाहावं, आणि एका लेखकाचे अंक सलग वाचावेत. एवढ्याने बराच गोंधळ मिटतो.

उरलेली विसंगती खरी असते. तिचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण कॅसांड्रा केन.

कॅसांड्रा १९९९ मध्ये बॅटमॅनच्या ५६७व्या अंकात आली. केली पकेट आणि डेमियन स्कॉट यांनी ती घडवली. बापाने तिला भाषाच शिकवली नाही. समोरच्याचं शरीर वाचायला तेवढं शिकवलं. त्यामुळे कोण कुठून वार करणार हे तिला आधीच कळतं, पण बोलता येत नाही. लहानपणी तिच्या हातून एक माणूस मेला आणि तो मरताना त्याला काय वाटलं हे तिला त्याच्या अंगावर वाचता आलं. पुन्हा जीव घ्यायचा नाही, हा तिचा कणा तिथे तयार झाला. २००० मध्ये तिची स्वतःची मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्या काही अंकांतच एक मनोशक्तीचा माणूस तिच्या मेंदूत बदल करतो आणि ती बोलू लागते. आता बारकावा बघा. भाषा आली, पण शरीर वाचण्याची शक्ती गेली. जी लढाई तिला झोपेतही जिंकता आली असती, त्यात ती मार खाऊ लागली. शक्ती परत मिळवायला तिला मोठा सौदा करावा लागला. पुढेही तिची वाक्यं तुटक राहिली आणि वाचन कच्चंच राहिलं. स्वभावात एवढा मोठा फेरफार होऊनही वाचकाला ती परकी वाटली नाही, कारण बदल तिच्या स्वतःच्या मालिकेत, वाचकाच्या डोळ्यांदेखत झाला आणि त्याची किंमत तिने मोजली.

ही मालिका ७३ अंकांनंतर २००६ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी बॅटमॅन काढणाऱ्या डीसी कंपनीने आपल्या सगळ्या मालिकांचं कथानक एकदम एक वर्ष पुढे नेलं. बॅटमॅनचा साथीदार रॉबिन याच्या मालिकेच्या १४८ ते १५१ या अंकांत कॅसांड्रा मारेकऱ्यांच्या संघटनेची प्रमुख म्हणून समोर आली. आता ती सराईतपणे लांबलचक भाषणं करत होती, अमेरिकेतल्या आदिवासींच्या नावाहो भाषेतला सांकेतिक मजकूर वापरत होती, आणि माणसं मारत होती. मधल्या वर्षात हे कसं घडलं, ते पानावर कुठेच नव्हतं. वाचक चिडले. २००७ मध्ये टीन टायटन्स या तरुण नायकांच्या संघाच्या मालिकेत खुलासा आला, की तिला औषध टोचून असं वागायला लावलं होतं. २००८ मध्ये सहा अंकांची वेगळी मालिका काढून आणखी निस्तरावं लागलं. चार अंकांची चूक दुरुस्त करायला दोन वर्षं गेली, आणि औषधाची सबब देऊनही ती जुनी मुलगी लगेच परत आली नाहीच.

असं का झालं? रॉबिनची ती गोष्ट रॉबिनची होती. तिला एक धक्का हवा होता आणि धक्क्यासाठी ओळखीचा चेहरा हवा होता. कॅसांड्राची स्वतःची मालिका बंद झालेली, म्हणजे तिच्या बाजूने ‘हे ती करणार नाही’ म्हणणारं दर महिन्याला त्या टेबलावर कोणी बसलेलं नव्हतं. माझ्या मते तरुण नायिकांच्या बाबतीत मूळ कारण हेच आहे. सुपरमॅन, बॅटमॅन यांची मुख्य मालिका कधी बंद पडत नाही. दुसऱ्या मालिकेत ते पाहुणे गेले, तरी लेखक मुख्य मालिकेकडे बघून लिहितो. पोरींच्या मालिका मात्र सतत उघडतात आणि बंद होतात. मधल्या काळात त्या दुसऱ्यांच्या घरी पाहुण्या असतात आणि पाहुणीकडे त्या घराचं काम येतं: यजमान नायकाला दगा द्यायचा, त्याच्यासाठी मरायचं, नाहीतर त्याला वाचवायला लावायचं. कमला खान, म्हणजे मिस मार्व्हल, २०१४ पासून स्वतःच्या मालिकेत जर्सी सिटीत, घरच्यांत आणि मैत्रिणींत रुळलेली. तिचा मृत्यू मात्र २०२३ मध्ये अमेझिंग स्पायडरमॅनच्या २६व्या अंकात झाला, स्पायडरमॅनच्या कथेची गरज म्हणून. काही आठवड्यांतच ती एक्स-मेनच्या विशेषांकात म्युटंट, म्हणजे जन्मजात शक्ती असलेली, म्हणून जिवंत झाली. त्याच्या आदल्या वर्षी पडद्यावरच्या मालिकेत ती म्युटंट असल्याचं सूचित केलं होतं. म्हणजे मरणं एका घरी आणि जन्म दुसऱ्या घरी.

सुपरगर्लच्या २००६च्या दोन मालिका शेजारी शेजारी ठेवून वाचा. जो केली यांच्या मालिकेत ती चिडकी, बेफाम, बापाने चुलतभाऊ सुपरमॅनला मारायला धाडल्याचं ओझं वाहणारी. त्याच महिन्यांत मार्क वेड यांच्या लीजन ऑफ सुपर-हीरोज या मालिकेत ती एकतिसाव्या शतकात आहे आणि हे सगळं आपलं स्वप्न आहे अशा समजुतीने मजेत वावरते आहे. दोन्ही लेखक कसबी. दोघांनी आपापल्या गोष्टीला लागेल तेवढीच मुलगी उचलली. तुमच्या तीन लेखकांनी नेमकं हेच केलं. शाळेच्या गोष्टीला बुजरी मुलगी सोयीची, जंगलाच्या गोष्टीला तोंडाळ, शहराच्या गोष्टीला मारकुटी.

वंडर गर्ल, म्हणजे डोना ट्रॉय, हिचा तर जन्मच गोंधळात झाला. वंडर वुमनच्या अंकांत वंडर गर्ल म्हणजे लहानपणीची वंडर वुमनच. १९६५ मध्ये टायटन्सच्या कथेत तिला वेगळी मुलगी म्हणून घेतलं गेलं. ती कोण, हे सांगायला १९६९ उजाडलं आणि पुढे पंचवीस-तीस वर्षं तिची जन्मकथा पुन्हा पुन्हा लिहावी लागली. शेजारच्या टेबलावर काय चाललंय हे न विचारल्याची ही किंमत.

उलट उदाहरण मे पार्करचं, म्हणजे स्पायडर-गर्लचं. १९९८ पासून टॉम डीफाल्को यांनी तिला लिहिलं, तेही बाकीच्या मालिकांपासून वेगळ्या ठेवलेल्या जगात. मालिका १०० अंक चालली आणि नव्या नावाने आणखी ३०. ती वाढली, चुकली, शाळा-घर सांभाळताना दमली, पण कुठेही ती कोण हे विचारावं लागलं नाही. एक हात, एक जग. तुम्हाला तीन हात ठेवायचेत, तर त्यांच्यामध्ये एक कागद आणि एक माणूस लागेल.

आधी कागद. तो एकच पान असावा. बारा पानांचा केला, तर दुसऱ्या महिन्यापासून कोणी उघडून बघत नाही. त्यात विशेषणं लिहू नका. ‘धाडसी, प्रेमळ, हुशार’ एवढ्या शब्दांतून तिघे लेखक तीन वेगळ्या मुली काढतील, आणि त्यांनी तेच केलंय. त्याऐवजी कृती लिहा. उदाहरणार्थ: ‘भीती वाटली की मली आधी गप्प होते, कान देते, मग जवळ जो लहान असेल त्याला पाठीशी घेते. पळत नाही, ओरडत नाही.’ ‘राग आला की काम हातातून टाकून देते आणि निघून जाते.’ ‘खोटं बोलते ते फक्त आपल्या ऐकण्याबद्दल, बाकी कशाबद्दल नाही.’ मग तिला काय हवंय ते एका वाक्यात, आणि ती काय कधीच करणार नाही ते एका वाक्यात. हे दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. कॅसांड्राच्या बाबतीत तेच मोडलं गेलं.

शक्तीची मर्यादाही नेमकी लिहा. लांबचं ऐकू येतं म्हणजे किती लांबचं? पाऊस कोसळत असताना ऐकू येतं का? कणकुंबी, जांबोटी हा मुसळधार पावसाचा मुलूख. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पत्र्यावर पाऊस वाजत असताना मलीला काही ऐकू येत नाही असं ठरवलंत, तर पावसाळ्यातल्या प्रत्येक गोष्टीला आपोआप ताण येईल. पण मग जुलैत घडणाऱ्या जंगलातल्या अंकात तिला दोन डोंगरांपलीकडचं ऐकू येऊन चालणार नाही.

बोलणं हा स्वतंत्र भाग, आणि तुमच्या मुलुखात सगळ्यात आधी तोच बिघडतो. तुमच्या चार अंकांत मली एका ठिकाणी ‘मी आलो गे’ म्हणते आणि दुसऱ्या ठिकाणी पुण्याच्या मुलीसारखं ‘अगं, मी आलेय ना’. आपल्या बेळगावकडे बायका-मुली घरी ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात, शाळेत बाईंसमोर मात्र बऱ्याच जणी ‘मी आले’ म्हणायचा प्रयत्न करतात. दोन्ही खरं आहे, पण ते कोणासमोर हे ठरलेलं हवं. कागदावर चार ओळी पुरतात. आजीशी: ‘मी आलो गे आज्जे.’ मराठीच्या बाईंशी: ‘बाई, मी आले.’ बसच्या कंडक्टरशी: ‘अण्णा, स्वल्प निल्लसरी’ (जरा थांबवा). मोठ्या बहिणीला अक्का, कधीच ताई नाही. कन्नड तिला किती येतं हेही लिहा. शाळेत कन्नड शिकते आणि बसमध्ये बोलते, पण कचेरीतला कागद वाचताना अडखळते, असं ठरलं तर तेच सगळीकडे. शहराच्या मालिकेत ती पोलीस ठाण्यात कन्नडमध्ये फाडफाड बोलते आणि शाळेच्या मालिकेत कन्नडच्या तासाला तोंड उघडत नाही, हे सध्या तुमच्याकडे छापून गेलंय. कॅसांड्राचं अचानक सफाईदार भाषण आणि हे, दोन्ही एकाच जातीचं.

कागद झाला की तो चालतो का हे तपासा. दहा प्रसंग लिहा, रोजचे आणि साधे. ‘कंडक्टर आधार कार्ड मागतो, ते घरी राहिलंय.’ ‘मैत्रिणीच्या घरातलं भांडण लांबून ऐकू आलं.’ ‘भाऊ हरवला आणि पाऊस सुरू झाला.’ प्रत्येक लेखकाने एकमेकांशी न बोलता प्रत्येक प्रसंगाला दोन ओळींत उत्तर लिहायचं: मली काय करते आणि काय बोलते. मग उत्तरं शेजारी ठेवायची. बोलण्याची धाटणी थोडी वेगळी आली तर हरकत नाही. कृती वेगळी आली तर थांबा, वाद घाला, एक ठरवा, कागदावर चढवा. माझ्या अंदाजाने दहांपैकी तीन-चार प्रसंगांत तरी तुमची तोंडं तीन दिशांना असतील. (पहिला प्रसंग मुद्दाम दिलाय. जून २०२३ पासून कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये मुली-बायकांना पैसे पडत नाहीत, आणि तुमच्या शहरातल्या अंकात मली तिकिटाचे पैसे मोजताना दाखवली आहे.)

वयाचा निर्णय आत्ताच घ्या. एक्स-मेनमधली किटी प्राइड १९८० मध्ये आली तेव्हा साडेतेरा वर्षांची होती. पुढे तिचं वय लेखकागणिक मागे-पुढे होत राहिलं आणि नव्वदीत एक्सकॅलिबर या मालिकेत तिचं प्रेमप्रकरण आलं तेव्हा ती नक्की किती वर्षांची, यावर वाचक भांडत राहिले. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, वेळ चालते: यंदा जूनमध्ये मली नववीत, पुढच्या जूनमध्ये दहावीत, मार्चमध्ये एसएसएलसी (दहावीची बोर्ड परीक्षा), मग पीयूसी (अकरावी-बारावी). दुसरी, वेळ थांबलेली: ती कायम नववीत, मग परीक्षा, निकाल, वाढदिवस यांचा उल्लेखच करायचा नाही. कुठलीही निवडा, पण तिन्ही मालिकांना एकच. एकीत दहावीचे क्लास आणि दुसरीत आठवीची सहल असं नको.

चित्रकारांबद्दल कोणी विचारत नाही, पण निम्मा स्वभाव चित्रात असतो. शौर्यकथेतला प्रौढ नायक साधारण आठ डोकी उंच काढतात. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी सातच्या आसपास. जंगलातल्या मालिकेत मली आठ डोक्यांची काढली आहे, आणि तेवढ्यानेच ती वीस वर्षांची वाटते. मग तिच्या तोंडची थट्टा उर्मट वाटू लागते, यात लेखकाचा दोष कमी. एक नमुना-पान करा: समोरून, बाजूने, पाठमोरी, आणि सहा भाव: राग, भीती, संकोच, हसू, थकवा आणि कान देऊन ऐकताना. हा शेवटचा भाव सगळ्यात नेमका हवा, कारण तो तिचा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही. मान कुठल्या बाजूला कलते, डोळे मिटतात की उघडे राहतात, हात कुठे जातो. सुपरगर्लच्या पोशाखाचं उदाहरण घ्या. २००४ नंतर तिला तोकड्या स्कर्टमध्ये, उघड्या पोटाने काढत. २००८ पासून स्टर्लिंग गेट्स लिहू लागले आणि जमाल इगल यांनी तिला शाळकरी वयाची मुलगी म्हणून काढलं, पुढे स्कर्टखाली सायकल-शॉर्ट्स दिल्या. संवाद न वाचताही ती वेगळी, आणि माझ्या मते जास्त खरी दिसू लागली. जाता जाता, संवादाच्या फुग्यात वीस-पंचवीस शब्दांच्या वर जाऊ नका. वेलांट्या-उकारांमुळे ओळी उंच होतात, जागा भरते, आणि बुजरी मुलगी बडबडी दिसू लागते.

आता माणूस. तिघांपैकी एकाकडे, किंवा न लिहिणाऱ्या कोणाकडे तरी, मलीची राखण द्या. त्याचं काम लिहिण्याचं नाही. प्रत्येक अंकाची संहिता चित्रकाराकडे जाण्याआधी त्याने वाचायची आणि एकच बघायचं: कागदाशी जुळतं का. न जुळल्यास त्याला ‘नाही’ म्हणायचा हक्क हवा, नुसता सल्ल्याचा नाही. शिवाय एक वही: अंक, पान, नवी माहिती. ‘शाळा, अंक ३, पान ७: मलीला मांजराची भीती.’ चित्रं काढून झाल्यावर दुरुस्ती महाग पडते, संहितेत ती दोन ओळींची असते. हा माणूस नेमला नाही, तर बाकीचं सगळं दोन महिन्यांत कपाटात जाईल.

बदल करायचाच नाही, असं मात्र नाही. पंधरा वर्षांची मुलगी बदलणारच. तीन अटी पाळा: बदल पानावर घडावा, दोन अंकांच्या मधल्या काळात नाही, त्यासाठी तिचं काहीतरी जावं, आणि तो तिच्या मुख्य मालिकेत घडावा, म्हणजे तुमच्याकडे शाळेच्या. तिथे घडला, की पुढच्या अंकापासून बाकीच्या दोघांनी तो मानायचा.

राहिली छापून गेलेली थप्पड. तिला औषध, जादू, तोतया असल्या सबबी लावू नका. कॅसांड्राचं काय झालं ते वर सांगितलंच. ती मलीनेच मारली, हे कबूल करा आणि शाळेच्या पुढच्या अंकात तिचा परिणाम आणा. ज्याला मारलं तो त्याच बसने येणारा निघू द्या. त्यानंतर शहराच्या मालिकेतून तिला दोन अंक बाहेर ठेवा, आणि परत आणताना पहिल्या पानावर ती त्याच माणसासमोर उभी असू द्या, थप्पड मारणारा हात पाठीमागे धरून, बोलायला शब्द शोधत.